आधी संगणक तपासा, मग पैसे मोजा



गेल्या रविवारी विहारातून वंदना आटोपून निघालो, तोच वस्तीतील एका भगिनीने आम्हाला थांबविले. चार घरची धुणीभांडी करून त्या संसार ओढतात. "भाऊ, पोराला लॅपटॉपवरचा कोड्यांचा खेळ पाहिजे. दुकानदार म्हणतो, तुमच्या डबड्यावर चालणार नाही, नवा घ्या. आता नवा कुठून आणू?" २०२० साली कोरोनात शाळा घरात आली, तेव्हा त्यांनी हा जुना लॅपटॉप उसने पैसे काढून घेतला होता.

खेळ म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. आमच्याही पडली. पण मुलाने सांगितलेला खेळ निराळा निघाला. नाव 'द विटनेस'. अमेरिकेतील जोनाथन ब्लो यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह कित्येक वर्षे खपून तो २०१६ साली काढला. एक निर्जन बेट, त्यावर ५०० च्या वर कोडी, सारी रेघ ओढून सोडवायची. नियम कोठेच लिहून दिलेला नाही. चुकत चुकत आपणच शोधायचा. मराठी शाळेतील मुलाला कोडे सोडविताना इंग्रजीची धास्ती नाही, हे आम्हाला फार आवडले.

दुकानदाराने लॅपटॉप उघडूनसुद्धा पाहिला नव्हता! कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना बजावले. मग दुकानदाराचे तरी का मानावे?

आम्ही कारकून माणूस. कागदाला कागद लावून पाहिला. खेळाच्या किमान अटी अशा: प्रोसेसर १.८ गिगाहर्ट्झ, मेमरी ४ जीबी, डिस्कवर ५ जीबी मोकळी जागा आणि इंटेल एचडी ४००० जातीचे ग्राफिक्स. आपल्या संगणकात काय आहे हे पाहायला पैसा लागत नाही. विंडोजची खूण असलेले बटण दाबून धरून आर दाबा. चौकट उघडेल. तीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा इंग्रजी अक्षरे सलग लिहून एंटर करा. पहिल्या पानावर विंडोज, प्रोसेसर, मेमरी. डिस्प्लेच्या पानावर ग्राफिक्स.

खरी मेख ग्राफिक्सची. जुन्या बाजारात सगळेच 'आय थ्री' म्हणून विकतात. पण दुसऱ्या पिढीच्या आय थ्री लॅपटॉपात एचडी ३००० असते, ते अटीत बसत नाही. एचडी ४००० आले २०१२ साली, तिसऱ्या पिढीबरोबर. नुसत्या स्टिकरवर जाऊ नका.

विंडोजचेही पाहा. खेळाला विंडोज ७ चालते असे लिहिले आहे. पण हा खेळ ज्या 'स्टीम' दुकानातून घ्यायचा, त्याने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ व ८ ला आधार देणे बंद केले.

ताईंच्या लॅपटॉपात निघाले विंडोज १०, मेमरी ४ जीबी, ग्राफिक्स एचडी ४०००. सारे काठावर, पण बसले! जागा मात्र ३ जीबीच. मामाच्या लग्नाचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर हलविले, तेव्हा जागा झाली. काठावरचे यंत्र कुरकुरते, म्हणून चित्राचा दर्जा कमी ठेवायला सांगितले. आणि १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळून परत केल्यास स्टीम पैसे परत देते, हेही ताईंना सांगून ठेवले. त्यांनी दोनदा विचारून घेतले.

आणखी कोणाला आपला संगणक तपासायचा असेल, तर रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन यावे. चार्जर विसरू नये.