नुसते पाहण्याचाही अधिकार द्या

सातबारा कोणालाही पाहता येतो, पण त्यावर पेन चालवायला वाटेल त्याला मुभा नसते. तलाठ्याने फेरफार नोंदवायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबायचे आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, ही 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम 150 ची रीत. तपासणीत अधिकाऱ्याला एखादी चूक आढळली, तरी ती दुरुस्त करण्याआधी कलम 155 नुसार पक्षकारांना नोटीस द्यावी लागते. महाभूलेख या संकेतस्थळावरही हेच: निफाडचा शेतकरी मोबाइलवर उतारा पाहतो, पण त्यातले अक्षर हलवू शकत नाही. पाहणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, ही शिस्त महसूल दप्तराने संगणक येण्यापूर्वीच घालून दिली होती. संस्था आणि कार्यालये आतल्या कामासाठी जी संगणकप्रणाली बनवून घेतात, तिच्यात मात्र ही शिस्त बऱ्याचदा नसते.

याचे ठळक उदाहरण जँगो. अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात जन्मलेली आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ही प्रणाली बनवण्याची चौकट जगभरचे प्रोग्रामर वापरतात, कारण नोंदी सांभाळण्याचा तयार अॅडमिन विभाग तिच्यासोबतच येतो. त्या विभागात सुरुवातीपासून तीनच परवानग्या होत्या: नोंद घालणे, बदलणे, काढून टाकणे. नुसते पाहण्याची परवानगी आली ती थेट ऑगस्ट 2018 मध्ये, 2.1 या आवृत्तीत. तोवर एखाद्या लिपिकाला नोंद दाखवायची तर त्याला ती बदलण्याचाही अधिकार द्यायचा, नाहीतर प्रोग्रामरने स्वतःची पळवाट काढायची. इतक्या नावाजलेल्या चौकटीची ही गत, तर घाईने आणि कमी पैशांत उभ्या केलेल्या प्रणालीकडून काय अपेक्षा ठेवणार?

‘आमची माणसे विश्वासू आहेत’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. असतीलही. पण चुकीच्या रकान्यात बोट पडून ‘जतन करा’ दाबले जायला अप्रामाणिकपणा लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कोणी काय बदलले याची नोंद प्रणाली ठेवते, मग भीती कशाची? ती नोंद हवीच. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तर 1 एप्रिल 2023 पासून ती बंधनकारक आहे. पण ती बोलते बदल होऊन गेल्यावर, आणि खरे बोलते ते प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असेल तरच. पाहण्याचा अधिकार नसलेला कर्मचारी काम अडले की साहेबांचा पासवर्ड मागून घेतो. मग बदल कोणीही करो, नाव साहेबांचेच लागते. म्हणजे ज्या नोंदीच्या भरवशावर पाहण्याचा अधिकार अनावश्यक ठरवला, तीच नोंद तो नसल्यामुळे खोटी पडते.

पाहणेही निरुपद्रवी नसते, हा आक्षेप मात्र मान्य करावाच लागतो. रुग्णाचा आजार किंवा पतसंस्थेतल्या ठेवीदाराची शिल्लक प्रत्येक टेबलावर उघडी असू नये. पण हे तर पाहणे वेगळे मोजण्याचेच कारण झाले: कोणी, कोणत्या नोंदी पाहायच्या, हे ठरवता येते ते पाहण्याचा अधिकार वेगळा असला तरच. आणि रकाने राखाडी करून ठेवले की काम झाले, असे ठेकेदार म्हणाला तर त्याचे ऐकू नका. पडद्यावर बटण लपवले तरी सर्व्हर बदल स्वीकारत असेल, तर जाणकाराला ते रोखत नाही. नकार सर्व्हरनेच द्यायला हवा.

नाशिकला हे आत्ताच सांगायचे कारण 2027 चा सिंहस्थ. निवास, वाहतूक, आरोग्य, हरवलेली माणसे, अशा कामांसाठी प्रणाली लागतील आणि त्यांच्यापुढे बसणारे बरेचसे लोक काही महिन्यांपुरते नेमलेले असतील. त्यांतल्या बहुतेकांना माहिती पाहून उत्तर द्यायचे असेल, बदलायचे काहीच नसेल. महापालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने निविदेतच एक अट घालावी: नव्या वापरकर्त्याला आधी फक्त पाहण्याचा अधिकार, आणि बदलाचा अधिकार नावानिशी, लेखी आदेशानेच.