धमनीची जखम कोणाच्या हिशेबात?

हृदयाच्या धमनीत बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत 13 फेब्रुवारी 2017 रोजी सरकारने ठरवून दिली, तेव्हा आपल्या चळवळीतील अनेकांना लढाई संपली असे वाटले. समाधान अस्थानी नव्हते. साध्या धातूच्या स्टेंटला 7,260 रुपये आणि औषधलेपित स्टेंटला 29,600 रुपये अशी मर्यादा पडली. पुढे हे आकडे वेळोवेळी बदलले, पण लाख-सव्वा लाखाची राजरोस लूट थांबली. या व्यवहारात सर्वांत मोठा नफा इस्पितळे उकळीत होती, हे किंमत निर्धारण प्राधिकरणाच्याच आकडेवारीने दाखवून दिले होते.

परंतु त्या वेळी कंपन्यांनी जो युक्तिवाद पुढे केला, त्याचा समाचार आपण नीट घेतला नाही. नवे तंत्रज्ञान महाग असणारच, त्याला वेगळा वर्ग आणि वेगळी किंमत द्या, नाहीतर भारतीय रुग्ण प्रगतीला मुकेल, असे ते म्हणत होते. प्राधिकरणाने वेगळा वर्ग नाकारला आणि विरघळणाऱ्या स्टेंटलाही 29,600 रुपयांचीच मर्यादा लावली. तेव्हा अ‍ॅबट कंपनीने एप्रिल 2017 मध्ये आपला ‘अ‍ॅब्सॉर्ब’ हा विरघळणारा स्टेंट भारतातून मागे घेण्याची परवानगी मागितली.

या ‘प्रगती’ची हकिगत काय होती? त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला होता. दोन वर्षांच्या पाहणीत हृदयाशी संबंधित गंभीर घटनांचे प्रमाण अ‍ॅब्सॉर्ब बसवलेल्यांत 11 टक्के, तर त्याच कंपनीच्या जुन्या धातूच्या स्टेंटमध्ये 7.9 टक्के आढळले. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण 0.8 टक्क्यावरून 1.9 टक्क्यांवर गेले होते. सप्टेंबर 2017 मध्ये कंपनीने जगभरातील विक्री थांबवली. कारण सांगितले ते कमी खपाचे! सर्वांत नवे आणि सर्वांत महाग तेच धमनीला अधिक जाचक ठरले. बाजारभाव हाच गुणवत्तेचा पुरावा मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मुळात स्टेंट म्हणजे रोगमुक्ती नव्हे. फुगा फुगवून जाळी भिंतीत दाबली जाते, तेव्हा धमनीचे नाजूक अस्तर फाटते. क्वचित भिंत चिरते किंवा तिला छिद्रही पडते. जखम भरताना पेशी बेसुमार वाढल्या, की वाट पुन्हा अरुंद होते. साध्या स्टेंटमध्ये हे वारंवार घडे, म्हणून औषधाचा लेप आला. पण तो लेप अस्तराची वाढही लांबवतो. उघड्या राहिलेल्या धातूवर रक्त गोठू नये म्हणून दोन प्रकारच्या गोळ्या कित्येक महिने, बहुधा वर्षभर, न चुकता घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडणे हे गुठळी होण्याचे एक प्रमुख कारण आहे, आणि अशी गुठळी पुष्कळदा जीव घेते.

आता हे शास्त्र रोजंदारीवरच्या माणसाच्या घरात नेऊन पाहा. शस्त्रक्रिया योजनेतून झाली, हारतुरे झाले, मंत्र्यांची छायाचित्रे लागली. चौथ्या महिन्यात काम नाही, तालुक्याच्या दवाखान्यात गोळी नाही, अंगाला बरे वाटते आहे. मग तो गोळी बंद करतो. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. (त्यांच्या स्वतःच्या गोळ्या मात्र कधी चुकत नाहीत.) ज्या व्यवस्थेने जाळी बसवली, तिनेच वर्षभराची गोळी घरपोच करायला नको काय?

शिवाय ती बसवायला हवी होती काय, हाही प्रश्न उरतोच. झटका आलेल्या रुग्णाला ती जीवदान देते, यात वाद नाही. परंतु स्थिर आजाराच्या 2,287 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ चाचणीत, उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने मृत्यू वा झटके कमी झाल्याचे दिसले नाही. तरीही घाबरलेल्या नातेवाइकांसमोर संमतीचा कागद सरकवला जातोच.

वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम केंद्राने 2015 साली सुरू केला. आपल्या वस्तीतील किती स्टेंटधारकांना तो ठाऊक आहे? आपल्या आरोग्य समित्यांनी आता दर विचारण्यापुरते थांबू नये. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर स्टेंटचा प्रकार, कंपनी आणि अनुक्रमांक आहे का, गोळ्या किती महिने घ्यायच्या हे मराठीत लिहिले आहे का, आणि त्या सरकारी दवाखान्यात मिळतात का, याची घरोघर जाऊन विचारपूस करावी. जिथे मिळत नाहीत तिथे जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दारात बसावे.