सोनोग्राफीची घाई नको

किशोरींसाठी पीसीओडी तपासणी शिबिर घ्या, असा आग्रह आता शाळा-कॉलेजांकडूनच होतो. जरूर जावे. मात्र तिथून मुलींच्या हातात सरसकट सोनोग्राफीची चिठ्ठी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाळी सुरू झाल्यानंतर काही वर्षे अंडाशयात पुष्कळ फॉलिकल दिसणे वयाला धरूनच असते. म्हणून 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी करायची नाही. किशोरवयात एएमएचही नाही. प्रौढ स्त्रीत तीनपैकी दोन निकष पुरतात. या वयात अनियमित पाळी आणि अँड्रोजनचे आधिक्य, दोन्ही हवेत. तेही थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे कारणे वगळल्यावर.

गफलत होते ती 'अनियमित' ठरवताना. पहिल्या वर्षातली अनियमितता धरायचीच नाही. नंतर तीन वर्षे पुरी होईपर्यंत मर्यादा 21 ते 45 दिवसांची, त्यापुढे 21 ते 35. पहिले वर्ष उलटल्यावर एकदा जरी 90 दिवसांहून मोठा खंड पडला, तरी दखल घ्यायची. म्हणजे दुसऱ्या वर्षात चाळीस दिवसांनी पाळी येणाऱ्या मुलीची पाळी अनियमित नव्हे, हे तिच्या आईला ठणकावून सांगावे. तारखा मात्र मुलीलाच विचाराव्यात. 'मागेपुढे होते' यापलीकडे आईला बहुधा सांगता येत नाही. आईला जरा बाहेर बसवले, तर हनुवटीवरच्या केसांचा विषयही निघतो. थ्रेडिंग करून आलेल्या चेहऱ्यावर आपल्याला काय दिसणार? नुसत्या चार मुरुमांना अँड्रोजनचा पुरावा मानू नये. टेस्टोस्टेरॉन तपासायचे, तर हॉर्मोनच्या गोळ्या किमान तीन महिने बंद असाव्यात.

एकच निकष जुळणाऱ्या मुलीला शिक्का मारू नये. घरात लगेच लग्नाची आणि मुलाबाळांची काळजी सुरू होते, आणि पोरगी मुकाट ऐकत बसते. 'धोका संभवतो' अशी नोंद करावी, लक्षणांवर उपचार करावेत. निदान नाही म्हणून उपचार नाहीत, असे नव्हे.

खरी अडचण पुढची. बारावीनंतर मुलगी शिकायला दुसऱ्या गावी जाते आणि आपल्या हातून सुटते. म्हणून फेरतपासणीची मुदत चिठ्ठीवरच लिहून द्यावी. पहिली पाळी 2023 मध्ये आली असेल, तर उशिरात उशिरा 2031.