पुसण्यापूर्वी

वर्षभर या पानावरून मी तुमच्याशी व्याकरणापासून वांग्याच्या भरितापर्यंत कशावरही बोलत असतो. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी काहीतरी खुसखुशीत मागितले आहे. आमच्या घरी चकलीच्या भाजणीआधी संगणक बिघडला. तेव्हा तोच ताटात वाढतो.

त्याचे असे झाले. विंडोज 10 ची नियमित देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि आमच्या जुन्या संगणकाला विंडोज 11 चालणार नाही असे कळले. तेव्हा आमचे चिरंजीव, वय वर्षे सतरा, म्हणाले, "बाबा, विकत कशाला? मीच जुळवतो!" काही भाग नवे, काही जुने, आणि रॅमच्या दोन पट्ट्या मित्राच्या मोडीत निघालेल्या यंत्रातल्या, असा संसार अलिबागच्या आमच्या माजघरात उभा राहिला. पंखा फिरला, दिवा लागला. सौभाग्यवतींनी पेटीवर हळदकुंकू वाहिले.

पण आत विंडोज काही जाईना. प्रथम उत्तर आले की हे यंत्र अटींत बसत नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. ती आमच्या प्रोसेसरमध्ये होती, पण बायोसमध्ये बंद होती. चिरंजीवांनी ती चालू केली. मग गाडी निघाली ती सदतीस टक्क्यांवर अडली. पुन्हा प्रयत्न केला, तर बासष्टवर. तिसऱ्यांदा एकोणीसवर! दर वेळी तक्रार निराळी.

वर्गात धीराचे धडे देणारा मी घरात गरजलो, "स्वस्तातला माल आणलास, त्याची ही फळे! तुझी नवी डिस्कच खराब असणार. जुन्या संगणकातली काढ, पुसून टाक आणि हिच्यात बसव."

"बाबा, तिच्यावर तुमची टिपणे आहेत."

होती खरी. चौल, रेवदंडा, मुरूडच्या किनाऱ्यावर कोळीबांधवांच्या तोंडून टिपलेले अठरा वर्षांचे शब्द : जाळ्यांची, वाऱ्यांची, मासळीची नावे.

"पेनड्राइव्हवर नक्कल आहे की!"

"उघडून पाहिलीत?"

मी उत्तर दिले नाही. त्या रात्री तो आमच्याबरोबर जेवायला बसला नाही.

सकाळी मी समुद्रावर फिरायला गेलो. वाटेत आमची चुंबकीय वेधशाळा लागते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूचीची नोंद बिघडणार, म्हणून 1904 साली ते काम इथे अलिबागला आणले. संचालक होते डॉ. नानाभॉय मूस. इमारतीसाठी चुंबकत्वाची बाधा न होणारे साहित्य निवडले होते. पण मला आठवली ती दुसरीच गोष्ट : अलिबागला काम सुरू झाले म्हणून कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. 1904 ते 1906 दोन्हीकडे नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या; 1841 पासूनची नोंदींची मालिका त्यामुळे तुटली नाही. विजेची ट्राम मुंबईत धावली 1907 साली.

इतकी वर्षे त्या कुंपणावरून जातो आहे, आणि मी एका रात्रीत अठरा वर्षे पुसायला निघालो होतो! घरी येऊन नक्कल उघडली. निम्म्या फायली उघडेचनात.

चिरंजीव पेटी उघडून बसले होते. म्हणाले, "दर वेळी एकाच जागी अडले असते, तर मी आधी पेनड्राइव्हवर संशय घेतला असता. इथे जागा बदलते आहे, म्हणून आधी रॅम बघतो." जे जे उतरवायचे ते रॅममधून जाते, तिथे एखादे अक्षर चुकले की पुढचे सारे कोलमडते. त्याने एका वेळी एकच पट्टी लावली. पहिलीने तपासणी पार पाडली. दुसरीने लगेच चुका दाखवल्या. तिचे सोनेरी दात खाऱ्या दमट हवेने काळवंडले होते.

"बाबा, खोडरबर द्या."

उत्तरपत्रिकांच्या बेरजा खोडायचा माझा रबर मी दिला. वीज काढून त्याने ते दात हलक्या हाताने घासले, रबराचा चुरा झटकला, पट्टी बसवली. रात्रभर मेमटेस्ट चालवला. सकाळी चुका शून्य! दुपारी विंडोज शंभरावर पोचली.

मी म्हटले, "माल चांगला होता रे. चूक माझी झाली."

तो नुसता हसला, आणि रात्री माझ्या शेजारी पाट मांडून दोन वाट्या आमटी प्याला.

टिपणे आता नव्या यंत्रावर आली आहेत. एकेक फाईल उघडून आम्ही दोघे ताडून पाहतो. जुना संगणक कोपऱ्यात तसाच आहे. सौभाग्यवती विचारतात, "अहो, ही अडगळ कधी काढणार?"

मी सांगतो, "कुलाब्याला दोन वर्षे लागली होती!"