गाडी गरम असतानाच बघा, आणि बघण्याचे पैसे घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न जास्त आला: "सर, अकोल्यासारख्या गावात नुसत्या तपासणीचे पैसे कोण देणार?" माझं उत्तर, देतात. पण आधी आपण तपासणी खरंच करतो का, ते बघा.

माझीच चूक सांगतो. राजूरचे एक गुरुजी पेट्रोल गाडी घेऊन आले. तक्रार अशी की गाडी गरम झाली की सिग्नलला, फाटकाला उभी राहिल्यावर थरथरते, पण रोज नाही. गाडी दोन तास नंबरला उभी राहिली. मी सुरू केली तेव्हा मस्त चालली. तरी अंदाजाने प्लग बदलले. आठ दिवसांनी परत आले, तेव्हा एक कॉइल बदलली. तिसऱ्यांदा आले तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं, आता हा माणूस पुढच्या वेळी संगमनेरला जाणार.

त्या दिवशी मी गाडी थांबवूच दिली नाही. गुरुजींना शेजारी बसवून चक्कर मारून आलो आणि गरम इंजिनवरच बॉनेट उघडलं. थंड इंजिनला ईसीयू पेट्रोल जास्त देतो, आरपीएमही चढा ठेवतो, त्यात बारीक दोष झाकला जातो. गरम झाल्यावर आरपीएम ७००-८०० वर येतो, मग दोष उघडा पडतो.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघितला. आयडलला बिघडलेला, २५०० आरपीएमला जवळपास ठीक. म्हणजे कुठून तरी जादा हवा येत होती. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा पाइप चिमटीत दाबला आणि गाडी शांत झाली. व्हॉल्व्ह मधूनच उघडा अडकत होता. प्लग आणि कॉइल, दोन्ही चांगले होते. कॉइलचे पैसे मी परत केले.

कॉइलचा संशय होता तर ती शेजारच्या सिलिंडरला लावून बघायची होती. मिसफायरचा कोड पी ०३०१ वरून पी ०३०२ वर गेला तर कॉइल दोषी, नाही गेला तर नाही. खर्च शून्य. मी ते पाच मिनिटांचं काम टाळलं आणि त्याचं बिल गुरुजींच्या माथी मारलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तपासणी फुकट ठेवली की मिस्त्री पार्ट विकूनच पोट भरणार, कारण कमाई तिथेच आहे. मग चुकीचा पार्ट बदलणं हा धंद्याचा भागच होतो. गिऱ्हाईक आपल्याला चोर समजतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तुम्ही म्हणाल, "काम इथेच केलं तर तपासणीचे पैसे बिलातून वजा करू का?" करू नका. वजा केले की ती पुन्हा फुकटच झाली. फक्त पैशाच्या बदल्यात कागद द्या: काय तपासलं, काय ठीक निघालं, दोष कुठे. तो कागद घेऊन गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी जाऊ द्या.

गुरुजी अजून माझ्याकडेच येतात. आता आल्या आल्या सांगतात, "गाडी गरम आहे, आधी बघा."

तुमच्या गॅरेजमध्ये तपासणीचा दर भिंतीवर लिहिलाय का? नसेल तर आज लिहा.