क्लाउड घेण्यापूर्वी बियाण्याची पिशवी आठवा

जालन्याच्या माणसाला संकरित बियाणं आणि सरळ वाण यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको या बियाणं कंपनीची सुरुवात इथूनच केली आणि तेव्हापासून बियाण्याची पिशवी उलटसुलट करून वाचणं हा या गावाचा स्वभावच झाला. सरळ वाणाचं बी पुढच्या हंगामासाठी घरी राखता येतं. संकरिताचं राखून चालत नाही, दर हंगामाला दुकानाची पायरी चढावी लागते. शेतकरी तरीही संकरित घेतो, कारण उतारा जास्त मिळतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मोजायचे आहेत हे त्याला पेरणीच्या दिवशीच ठाऊक असतं. नवीन जालन्यात घरी बसून पुण्या-मुंबईच्या, कधी परदेशातल्या ग्राहकांसाठी वेबसाइट बांधणारी तरुण मंडळी मात्र सर्व्हर आणि कोड एडिटर निवडताना 'पुढच्या हंगामाला काय?' हा प्रश्न विचारत नाहीत. महिन्याला किती पडेल, एवढंच पाहतात. त्यातही 'फुकट' दिसलं की पुढचं वाचतच नाहीत. माझं म्हणणं असं, की स्वस्त तेच ज्याचं भाडं आधी कळतं आणि जे सोडून जाताना आपलं सगळं सोबत नेता येतं. या कसोटीवर बहुतेक फुकट गोष्टी महाग ठरतात.

गेल्या काही वर्षांचं दप्तर उघडून पाहा. हिरोकू या होस्टिंग सेवेच्या फुकट योजनेवर जगभरच्या विद्यार्थ्यांनी आपली पहिली अॅप्लिकेशनं चढवली. 28 नोव्हेंबर 2022 ला ती योजना बंद झाली. गिटहबचा अॅटम हा एडिटर लोकांच्या हातात बसलेला होता. गिटहब 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा व्हीएस कोड बाजारात असल्यावर अॅटमचं काय होणार हे उघडच होतं. 15 डिसेंबर 2022 ला तो निकालात निघाला. ब्राउझरमध्ये चालणारा क्लाउड नाइन अॅमेझॉनने 2016 मध्ये विकत घेतला आणि जुलै 2024 मध्ये नव्या ग्राहकांना त्याचं दार बंद केलं. ग्लिचवरचे प्रकल्प चालवणं जुलै 2025 मध्ये थांबलं. यात कुणी दगाबाजी केली असं नाही. कंपन्यांनी पूर्वसूचना दिल्या, मुदती दिल्या. पण या यादीतला एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. अॅटम गेला तेव्हा वापरणाऱ्याच्या फायली त्याच्याच हार्डडिस्कवर होत्या. दुसरा एडिटर उघडला आणि दुपारपर्यंत काम सुरू झालं. हिरोकूची फुकट योजना किंवा ग्लिच गेलं तेव्हा साइट चालवण्याची सगळी मांडणी नव्याने लावावी लागली. वाण राखलेलं असणं आणि नसणं यांत एवढं अंतर पडतं.

आता बिलाकडे येऊ. लोखंडाच्या भट्ट्या चालवणाऱ्या या शहराला विजेचं बिल ओळीओळीने वाचता येतं: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. क्लाउडच्या बिलातही वहन आकार असतो, फक्त जाहिरातीत तो दिसत नाही. अॅमेझॉनच्या मुंबई केंद्रातून डेटा बाहेर पाठवायचा तर महिन्याला पहिले 100 जीबी फुकट आणि त्यापुढे जीबीमागे जवळपास 11 सेंट. म्हणजे महिन्यात 1000 जीबी गेला तर नुसत्या वाहतुकीचे 98 डॉलर, सर्व्हरचं भाडं निराळं. त्यातच फेब्रुवारी 2024 पासून आयपीव्हीफोर पत्त्याचं तासाला अर्धा सेंट भाडं लागू झालं, जे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर जातं. उलट डिजिटलओशनसारख्या ठरावीक भाड्याच्या कंपनीचा एक जीबी मेमरीचा सर्व्हर 6 डॉलरला मिळतो आणि 1000 जीबी वाहतूक त्या भाड्यातच येते. 18 टक्के जीएसटी धरून रुपयांत हिशेब सव्वासहाशेच्या आसपास जातो. अॅमेझॉनलाही हे कळतं. म्हणून त्यांनी लाइटसेल नावाची ठरावीक भाड्याची योजना ठेवली आहे. मात्र मुंबई केंद्रासाठी तिच्यातली वाहतूक निम्मीच मिळते, हे बारीक अक्षरात वाचावं लागतं.

मोसंबीच्या आडत्याची वेबसाइट कुठे 100 जीबी ओलांडणार आहे, असं कुणी म्हणेल. खरंच नाही ओलांडणार. दोन एमबीचं पान धरलं तर त्यासाठी महिन्याला पन्नास हजार भेटी लागतील. पण बिल फुगतं ते नेहमीच्या महिन्यात नव्हे. एखाद्या कोचिंग क्लासने निकालाच्या दिवशी सत्काराचा व्हिडिओ थेट सर्व्हरवर चढवला, किंवा कुठल्या तरी यांत्रिक बॉटने साइट रात्रभर ओरबाडली, की एका दिवसात गणित बदलतं. बिल वाढल्याचा इशारा लावून ठेवता येतो हे खरं, पण इशारा वाजला म्हणून नळ बंद होत नाही. महिन्याला दोन-तीन छोट्या कामांवर घर चालवणाऱ्याला सरासरी बिल कमी असण्यापेक्षा कमाल बिल माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

याहून स्वस्त सर्व्हर जर्मनीत मिळतात, हा नेहमीचा मुद्दा. मिळतात, आणि युरोपातल्या ग्राहकासाठी ते घ्यावेतही. पण काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यापेक्षा घाई त्यालाही जमत नाही. जालना-मुंबई जाऊन-येऊन हजारभर किलोमीटरची तार धरली तरी पाच मिलिसेकंद. परदेशातला सर्व्हर त्याहून कितीतरी लांब: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सरळ रेघ मारली तरी एका फेरीला 130 मिलिसेकंद हवेतच, आणि समुद्रातल्या तारा सरळ रेघेत कधीच नसतात. पान उघडताना अशा फेऱ्या पाच-सात होतात. बघणारा जिथे, सर्व्हर तिथे. मराठी ग्राहकाची साइट मुंबईत किंवा बंगळूरूत असावी.

सर्व्हर आणि एडिटर या दोन वेगळ्या खरेद्या नाहीत, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. व्हीएस कोड घरच्या लॅपटॉपवर उघडून एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर थेट काम करण्याची सोय 2019 पासून आहे. सोय छान आहे, पण त्यासाठी एडिटरचा अर्धा संसार सर्व्हरवर मांडावा लागतो. त्यासाठी किमान एक जीबी मेमरी लागते आणि दोन जीबी असावी, असं व्हीएस कोडच्याच मार्गदर्शिकेत लिहिलं आहे. म्हणजे 4 डॉलरच्या अर्ध्या जीबीच्या सर्व्हरवर सुखाने चालू शकणारी साइट केवळ आपल्या एडिटरच्या हौसेपायी दीडपट ते तिप्पट भाड्याच्या सर्व्हरवर न्यावी लागते. ग्राहकाला दाखवायची पानं आणि आपलं लिहिण्याचं टेबल एकाच खोलीत कोंबायचं कारणच काय? लिहावं आपल्या लॅपटॉपवर, तपासावं तिथेच, आणि तयार झालेलं तेवढं गिटने वर पाठवावं. मग वीज गेली, नेट गेलं तरी हात थांबत नाहीत, आणि नेट आल्यावर दोन ओळींच्या आज्ञेत काम पोहोचतं.

दूर बसून काम करण्याची ही अडचण नवी नाही. 1976 च्या सुमारास बर्कलेत बिल जॉयने व्हीआय हा एडिटर लिहिला तेव्हा त्याच्या घरी 300 बॉडचा मोडेम होता. सेकंदाला तीसेक अक्षरं. चोवीस ओळींचा पडदा नव्याने रंगवायला मिनिटभर लागायचं. म्हणून त्याने एकेका अक्षराच्या आज्ञा केल्या, कमीत कमी पडदा हलेल अशा. त्याचा वारसदार व्हिम आजही मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरवरची एखादी ओळ दुरुस्त करायला सर्वांत खात्रीचा. तरी मराठी मजकुराच्या साइटसाठी तो रोजचा एडिटर करा, असं मी म्हणणार नाही. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत देवनागरी जोडाक्षरं अनेकदा फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, आणि 'क्ष' शोधताना कर्सर कुठे उभा आहे तेच कळत नाही. रोजच्या लिखाणाला व्हीएस कोड घरच्या मशीनवर ठेवावा. मायक्रोसॉफ्टकडे माहिती जाऊ नये असं वाटत असेल तर त्याच कोडवरून बांधलेला व्हीएसकोडियम आहे. दोन्हींना दमडी लागत नाही, आणि उद्या ते उठून गेले तरी फायली आपल्याच.

यावर खरा, वजनदार आक्षेप गरिबीचा आहे. ज्याच्याकडे चार जीबीचा जुना लॅपटॉप आहे, त्याला ब्राउझरमधला एडिटर हाच आधार नाही का? शिकताना आहे, आणि तो जरूर घ्यावा. पण धंद्याला तो पुरत नाही. गिटहब कोडस्पेसेसमध्ये व्यक्तीला महिन्याला 120 कोअर-तास फुकट मिळतात. लहानात लहान मशीन दोन कोअरचं, म्हणजे प्रत्यक्षात 60 तास. दिवसाला आठ तास बसणाऱ्याचे साडेसात दिवस. महिन्याचे उरलेले 140 तास तासाला 18 सेंटने धरले तर 25 डॉलर होतात. वर्षभरात तीनशे डॉलर. एवढ्यात जुना लॅपटॉप बाजूला ठेवून वापरलेला पण बरा लॅपटॉप घरात येतो, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

दुसरा आक्षेप कष्टाचा: स्वतःचा सर्व्हर म्हणजे अपडेट, फायरवॉल, बॅकअप, सगळं आपल्याच गळ्यात. हे मान्य. ज्याला ते करायचं नाही त्याने साध्या साइटसाठी शेअर्ड होस्टिंग घ्यावं, फक्त पहिल्या वर्षाचा भाव न बघता नूतनीकरणाचा भाव बघावा, कारण तिथे तो पुष्कळदा दुप्पट-तिप्पट असतो. पण रोज वेबचंच काम करणाऱ्याने लिनक्सचा सर्व्हर हाताळता येत नाही म्हणणं हे गवंड्याने ओळंबा वापरता येत नाही म्हणण्यासारखं आहे. नोकरीच्या जाहिरातींत अॅमेझॉन आणि अझूर मागतात, हेही खरं. त्यांचा अभ्यास करावा, परीक्षा द्याव्यात. ग्राहकाच्या पैशावर तो अभ्यास करू नये, इतकंच.

एआय असलेल्या एडिटरांनी या हिशेबात नवी ओळ घातली आहे. कर्सरसारख्या एडिटरची महिन्याची वर्गणी 20 डॉलर, म्हणजे तीन सर्व्हरांचं भाडं. वेळ वाचत असेल तर ती महाग नाही, हे संकरित बियाण्याचंच गणित आहे: उतारा मोजा आणि मग घ्या. सवयीने वर्गणी कापली जाऊ देऊ नका. कापली जाण्याचंही एक वेगळं प्रकरण आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम कडक केले, तेव्हा अनेक परदेशी सेवांचे हप्ते अडकले आणि भाडं थकल्याच्या सूचना लोकांच्या मेलमध्ये येऊन पडल्या. आगाऊ रक्कम भरून ठेवता येते का, यूपीआय चालतं का, हे भावाइतकंच आधी विचारायला हवं.

आणि पिशवीवरचं लेबल शेवटी आपल्याकडेही वळतं. नवीन मोंढ्यातल्या दुकानाची साइट बांधताना डोमेन बांधणाऱ्याच्या नावावर, सर्व्हरचा पासवर्ड बांधणाऱ्याच्या वहीत, आणि दुकानदाराच्या हाती फक्त दरवर्षीचं बिल, हा रिवाज सर्रास आहे. दुकानदाराला तो संकरित घेतोय हे कुणी सांगितलेलंच नसतं. डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या मोबाइलवर ओटीपी येईल असं घ्यावं. साइटचं फोल्डर आणि डेटाबेसची प्रत दर तीन महिन्यांनी पेनड्राइव्हवर त्याच्या गल्ल्यात ठेवावी. तो पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे गेला तर जाईल. पण तोच शेजारच्या गाळेवाल्याला कुणाचा नंबर देईल, हे मोंढ्यात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही.