ज्योत नसलेल्या शेगडीवर कोणते भांडे?

गतवर्षी आमच्या सासूबाईंना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले. त्याच सुमारास दोन वेळा चहाचे आधण उतू जाऊन गॅसची ज्योत विझली आणि बटण मात्र उघडेच राहिले. वय झाले की वासाची जाण मंदावते. त्यांना गॅसचा वास आलाच नाही. दोन्ही वेळा घरात कोणीतरी होते, म्हणून निभावले. त्यानंतर सिडकोतील आमच्या घरी सिरॅमिक काचेची विद्युत शेगडी आली. गॅसची चिंता मिटली. परंतु आईंची नेहमीची भांडी तिच्यावर चालेनात. "मग मी आता स्वयंपाकघरात यायचेच नाही का?" त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे उमगले, ते येथे मांडत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. इंडक्शन शेगडीला चुंबक चिकटेल असेच भांडे लागते. सिरॅमिक शेगडीत काचेखालील तार तापून लाल होते आणि ती उष्णता काचेतून भांड्याला मिळते. येथे चुंबकाची अट नाही. जुन्या शहरातील कासारी बाजारात आम्ही चुंबक घेऊन हिंडलो, ते व्यर्थच. (इंडक्शनचा विचार असेल आणि घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे.)

सिरॅमिक शेगडीची खरी अट आहे सपाट बुडाची. गॅसची ज्योत गोल बुडाला वेढून घेते. काच तसे करीत नाही. बूड जेथे टेकेल तेथेच उष्णता नीट पोहोचते. म्हणून भांडे उपडे करून बुडावर फूटपट्टी उभी धरावी. खालून उजेड दिसला, तर ते भांडे ठेवून द्यावे. बुडाचा घेर शेगडीवरील वर्तुळाएवढा असावा. साध्या पातळ स्टीलमध्ये उष्णता सर्वत्र पसरत नाही व भाजी एकाच जागी करपते. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा दहापटीहून अधिक उष्णतावाहक असते. त्यामुळे दोन स्टीलच्या थरांत ॲल्युमिनियम दाबलेले जाड बूड सर्वांत उत्तम. नुसत्या ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या बुडाचे डाग काचेवर उमटतात. मातीचे भांडे टाळावे. बिडाचा तवा चालतो, पण तो सरकवू नये, उचलून ठेवावा. काचेवर ओरखडे पडतात.

आईंचा जीव कल्हईच्या पितळी पातेल्यात अडकलेला. पण त्याचे बूड गोलसर, शिवाय कल्हई म्हणजे कथील, आणि कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. रिकामे पातेले तापत राहिले, तर कल्हई जाण्यास वेळ लागत नाही. ते पातेले आता देवघराशेजारी, फुलांसाठी आहे.

वृद्धांसाठी धातूइतकाच वजनाचा विचार महत्त्वाचा. दोन लिटर वरण म्हणजे दोन किलोंहून अधिक भार, त्यात भांड्याचे वजन निराळे. संधिवाताच्या मनगटाला हे पेलत नाही. एका लांब दांड्यापेक्षा दोन्ही बाजूंना न तापणारे कान असलेले लहान पातेले बरे. दुकानात ते पाण्याने भरून उचलून पाहावे, आणि ज्यांना ते वापरायचे आहे त्यांनीच उचलावे. आम्ही दीड लिटरचे पातेले, सपाट जाड तवा व लहान कुकर एवढेच घेतले. ज्वारीची भाकरी ज्योतीवर फुगवता येत नाही. पण दुसरी बाजू भाजताना स्वच्छ फडक्याने कडा हलक्या दाबल्या, की ती तव्यावरच फुगते.

आता सावधगिरी. ज्योत दिसत नाही, म्हणून धोका संपला असे नव्हे. बटण बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते. मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी झालेल्यांना चटका उशिरा कळतो. बहुतेक शेगड्यांवर काच गरम असल्याचे दाखवणारा दिवा असतो. तो विझेपर्यंत काचेवर हात, फडके किंवा प्लास्टिकचे झाकण ठेवू नये. दूध वर येऊ लागले, तर केवळ बटण बंद करून भागत नाही, पातेले बाजूला घ्यावे लागते. म्हणून दूध कमी आचेवर व अर्ध्या भरलेल्या पातेल्यातच तापवावे. वरण मात्र दोन-तीन मिनिटे आधी बंद केले, तरी उरलेल्या उष्णतेवर शिजते. गुळाचा पाक सांडून तसाच थंड झाला, तर काचेचा टवका उडू शकतो. तो कोमट असतानाच खरवडावा लागतो. हे काम घरातील तरुणाने हातमोजा घालून करावे.

दोन हजार वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज घेते. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. लांबवलेली वायर नको.

आई हल्ली सकाळचा चहा स्वतः करतात. छोटे पातेले, दोन कान, अर्धे पाणी. चहा गाळून झाला, की खुर्चीत बसून तो लाल दिवा विझण्याची वाट पाहतात आणि मगच ओटा पुसायला उठतात. "एवढा वेळ बसून चहा प्यायला आयुष्यात कधी मिळाला नव्हता," असे परवा म्हणाल्या.